पोरांकडं जर्मनीला गेलाव तर एक दिवस बसनं प्रागला जाऊन या, पण घाई न करता

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा 43 ला टेकला की आमच्या जुळे सोलापुरातल्या बऱ्याच घरांना कुलपं लागतात, कुणी लेकाकडं म्युनिकला, कुणी सुनेच्या बाळंतपणाला स्टुटगार्टला, आणि आम्ही दोघं लेकीकडं ड्रेस्डेनला. तीनदा जाणं झालं आता. परत आलं की सिद्धेश्वर तळ्यावर सकाळी फिरताना हमखास कुणीतरी थांबवतं, "काय वहिनी, प्रागला जाऊन आलाव म्हणे, कसं केलाव सांगा की, आम्हीपण निघालोय पुढल्या महिन्यात." मग उभ्या उभ्या अर्धा तास सांगायचं, तरी निम्मं राहतंच, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट टाइप करून ठेवावं, ज्याला लागेल त्याला पाठवता येतं.

आधी एक सांगते. पहिल्या खेपेला आम्ही एका टूरबरोबर गेलो होतो. पाच दिवसांत चार देश, आणि प्राग म्हणजे बसमधून उतरायचं, झेंडा धरलेल्या माणसामागं पळायचं, अडीच तासात परत बसमध्ये. घरी आल्यावर फोटो बघितले तर मला पूल कुठला आणि चर्च कुठलं ते पण सांगता येईना. दुसऱ्या खेपेला लेक म्हणाली आई, आपण आपलं बसनं जाऊ, सकाळी निघू रात्री घरी. त्या दिवशी आम्ही जेमतेम चार-पाच गोष्टी बघितल्या, पण त्या आजही डोळे मिटले की दिसतात. जुन्या गावात तुम्ही किती बघितलं याला काही अर्थ नाही हो, किती वेळ एका जागी बसलाव ते महत्त्वाचं. पंढरपूरला गेल्यावर वाळवंटात बसल्याशिवाय दर्शन पुरं झाल्यासारखं वाटतं का? तसंच आहे हे.

निघायच्या आधी

पासपोर्ट ओरिजिनल घ्यायचा. हे मी ठळक सांगतेय कारण आपल्याकडची बरीच मंडळी झेरॉक्स घेऊन फिरतात, ओरिजिनल घरी कपाटात, हरवेल म्हणून. जर्मनी आणि चेक हे दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहेत, चेक 2007 च्या डिसेंबरला आला त्यात, त्यामुळं तुमच्या जर्मनीच्या टुरिस्ट व्हिसावर प्रागला जाता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. पण जर्मनीनं गेल्या काही वर्षांत बॉर्डरवर परत तपासणी चालू केलीय, येताना पोलीस बसमध्ये चढतात आणि एकेकाचा पासपोर्ट बघतात. तिथं झेरॉक्स चालत नाही. गळ्यात अडकवायची छोटी पिशवी मिळते, ती शर्टच्या किंवा ब्लाउजच्या आत ठेवा.

बसचं तिकीट पोरांना ॲपवरून काढायला सांगा. फ्लिक्सबस आहे, रेजिओजेट आहे, दोन्हीचं तिकीट विमानासारखं असतं, आठ-दहा दिवस आधी काढलं तर स्वस्त, आदल्या दिवशी काढलं तर महाग, आणि शुक्रवार रविवार जास्तच. मंगळवार बुधवार धरा. ड्रेस्डेन ते प्राग साधारण 150 किलोमीटर, दोन तासाच्या आसपास लागतात, म्हणजे आपलं सोलापूर ते लातूरपेक्षा जरा जास्त अंतर पण रस्ता तसला की वेळ कमी. जाताना सकाळी आठच्या सुमाराची बस, येताना संध्याकाळी सातच्या सुमाराची, मधे नऊ तास मिळतात आणि तेवढे पुरे होतात. मे-जूनमध्ये तिकडं रात्री नऊपर्यंत उजेड असतो त्यामुळं सात म्हणजे उशीर अजिबात नाही.

एसटीची सवय असलेल्या माणसाला दोन-तीन गोष्टी वेगळ्या वाटतील. कंडक्टर नसतो, ड्रायव्हरच दारात उभा राहून मोबाइलवरचा कोड आणि पासपोर्टवरचं नाव बघतो, म्हणून तिकिटावर नाव पासपोर्टसारखंच पाहिजे. बस वेळेला सुटते, हात दाखवून थांबत नाही, बाथरूमला गेलोय म्हणून कुणी थांबा म्हटलं तर थांबत नाही, त्यामुळं पंधरा-वीस मिनिटं आधी जाऊन उभं राहायचं. तिकिटावर स्टॉपचा पत्ता असतो तो नीट वाचायचा, कारण एकाच गावात दोन-तीन स्टॉप असतात. पट्टा लावायचा. फोनवर मोठ्यानं बोलायचं नाही, आमच्या यांना ते जड गेलं कारण सोलापूरहून भावाचा फोन आला की आवाज आपोआप चढतो, मग मीच मेसेज करून सांगितलं उतरल्यावर बोलतो म्हणून.

सोबत काय घ्यायचं

कडक भाकरी आणि शेंगा चटणी. याच्यापुढं जगातला कुठला प्रवासाचा डबा नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. कडक भाकरी पंधरा-पंधरा दिवस टिकते, मोडत मोडत खाता येते, हात खराब होत नाहीत, आणि बाहेर शाकाहारी मिळालं नाही तर उपाशी राहायची वेळ येत नाही. चटणीत थोडं दाणे तेल घालून छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत घ्या. एक लक्षात ठेवा, सोलापूरहून निघताना पेढे, खवा, तूप, पनीर असलं दुधाचं काही बॅगेत भरू नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना आणता येत नाहीत, विमानतळावर काढून टाकतात. भाकरी-चटणीला अडचण नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चादर. हसू नका, मी खरंच पातळ सोलापुरी चादर नेते, सिंगलची. बसमध्ये एसी लागतो तेव्हा पायावर, आणि नदीकाठच्या गवतावर बसायला खाली. गंमत म्हणजे आपली चादर ज्या जकार्ड मागावर विणतात ते तंत्र फ्रान्समधल्या लियों गावात 1804 च्या सुमाराला निघालं, म्हणजे युरोपातून आलेल्या मागावर विणलेली चादर घेऊन आपण युरोपातच चाललोय. बागेत एक म्हातारी बाई येऊन चादरीवरचं मोराचं डिझाइन बोटानं चाचपून बघत होती, उलटी करून मागची बाजू बघितली, आणि लेकीला काहीतरी विचारलं. लेक म्हणाली ती विचारतेय हे छापलंय की विणलंय. तिची आई पण विणायची म्हणे. मग आम्ही दोघी एकमेकींची भाषा न येता दहा मिनिटं बसलो होतो.

बूट चांगले वापरून मऊ झालेले पाहिजेत. गावभर दगडाचे छोटे छोटे चौकोनी ठोकळे बसवलेत, दिसायला लय छान पण गुडघ्याला आणि नवीन चपलेला वाईट. साडी नेसायची असेल तर नेसा, खाली स्पोर्ट्स शूज घाला, कुणी बघत नाही. पाण्याची बाटली घ्या, नळाचं पाणी प्यायला चालतं, हॉटेलात पाणी विकत मिळतं आणि कधीकधी बाकीच्यापेक्षा तेच महाग वाटतं. गोळ्या, पातळ स्वेटर, छोटी छत्री. बस.

पैसे

चेकमध्ये युरो नाही, कोरुना चालतो. एक युरोचे साधारण 24-25 कोरुना, आणि एक कोरुना म्हणजे आपले साधारण चार रुपये, असा हिशोब डोक्यात ठेवला की गोंधळ होत नाही. जवळपास सगळीकडं कार्ड चालतं. मशीन विचारतं की युरोमध्ये कापू का कोरुनामध्ये, तेव्हा कोरुनाच दाबायचं, युरो दाबलं की दर वाईट लागतो. थोडे सुटे मात्र पाहिजेत, बाथरूमसाठी. बाथरूमला दहा-वीस कोरुना पडतात आणि काही ठिकाणी फक्त नाणी चालतात.

रस्त्यात कुणी "चेंज चेंज" म्हणून आलं तर सरळ पुढं जायचं, हातात दुसऱ्याच देशाच्या नोटा टेकवतात. दुकानात बदलून घेतलेच आणि दर फसवा निघाला तर तीन तासाच्या आत पावती घेऊन परत गेलं की व्यवहार रद्द करता येतो, तसा कायदाच आहे तिकडं 2019 पासून, पण त्या भानगडीत पडण्यापेक्षा बँकेच्या एटीएममधून थोडे काढलेले बरे.

बसमधून

खिडकीची सीट म्हाताऱ्या माणसाला द्या. पोरं तसंही मोबाइलच बघतात. ड्रेस्डेन सोडलं की थोड्या वेळात डोंगर लागतो, त्यावरच बॉर्डर, कधी ओलांडली कळत पण नाही, पाट्यांवरची अक्षरं बदलली की समजायचं. मग उतार लागतो आणि दोन्हीकडं टोकदार हिरव्या टेकड्या दिसायला लागतात, एकेकटी, उलट्या द्रोणासारखी. हे सगळे जुने थंड झालेले ज्वालामुखी आहेत. पुढं सपाट शेतात एकच गोल टेकडी दिसते, तिचं नाव र्झिप. चेक लोकांचा मूळ पुरुष या टेकडीवर चढला, चारी बाजूला बघितलं आणि म्हणाला हीच आपली जागा, अशी त्यांची कथा आहे. यांनी लगेच म्हटलं, आपला बाळे सोडल्यावर दिसणारा माळ असता तर तो पुढं गेला असता का? मी म्हटलं नाही, आपल्याकडं सिद्धरामेश्वर थांबले की, त्यांनी तर तळं खणलं.

उतरल्यावर

बहुतेक बस फ्लोरेंक नावाच्या स्टँडवर थांबतात. फ्लोरेंत्स म्हणतात ते लोक. उतरल्या उतरल्या पळू नका. आधी बाथरूम, मग संध्याकाळची बस कुठल्या फलाटावरून सुटते ते बोर्डवर कसं लावतात ते बघून घ्या, स्टँडच्या दाराचा फोटो काढा. दुसऱ्या खेपेला आम्ही संध्याकाळी स्टँडच्या दुसऱ्याच बाजूला जाऊन उभे राहिलो होतो, सुटायला सात मिनिटं राहिली तेव्हा लक्षात आलं, लेक पुढं पळत जाऊन ड्रायव्हरला थांबवून धरलं तिनं. यांचा गुडघा त्या रात्री सुजला. सकाळी पाच मिनिटं घालवली असती तर ते टळलं असतं.

तिथून जुन्या गावाचा चौक चालत वीस-पंचवीस मिनिटं. मेट्रो आहे पण चालतच जा, कारण वाटेत एक काळा पडलेला उंच दरवाजा लागतो, प्राश्ना ब्राना, 1475 ला बांधायला घेतलेला, पुढं कधीतरी त्यात तोफेची दारू साठवायचे म्हणून दारूचा दरवाजा. त्याच्या खालून गेलं की एकदम गाव बदलतं. जसं सोलापुरात भुईकोट किल्ल्याच्या दारातून आत गेल्यावर बाहेरचा रिक्षाचा आवाज कमी होतो ना, तसं. पूर्वी राजाची राज्याभिषेकाची मिरवणूक याच रस्त्यानं जायची.

घड्याळ, आणि ते कसं बघायचं

आता मी जरा जास्त लिहिणार आहे कारण याच्यासाठीच मला परत परत जावंसं वाटतं.

चौकात जुन्या टाऊन हॉलच्या भिंतीवर मोठं खगोल घड्याळ आहे, 1410 सालचं. सहाशे वर्षं झाली आणि अजून चालू. सकाळी 9 पासून रात्री 11 पर्यंत दर तासाला वरच्या दोन खिडक्या उघडतात, येशूचे बारा शिष्य एकामागून एक दिसतात, बाजूला सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, आरशात बघणारा गर्विष्ठ, थैली धरलेला कंजूष, सगळे माना हलवतात, शेवटी कोंबडा ओरडतो, संपलं. मिनिटभर सुद्धा नाही. शेकडो माणसं मोबाइल वर करून उभी असतात आणि संपल्यावर म्हणतात, एवढंच? आणि निघून जातात. खिसेकापू पण तिथंच असतात, सगळे वर बघतात ना.

तुम्ही असं करा. तासाच्या आधी दहा मिनिटं बाजूला उभे राहा, खेळ बघा, आणि गर्दी पांगली की मग पुढं जाऊन खरं घड्याळ बघा. सोलापूरच्या माणसाला हे घड्याळ दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळेल असं मला वाटतं, कारण दाते पंचांग आपल्याच गावात निघतं आणि घरात तिथी-नक्षत्र बघूनच आपण मोठे झालो. त्या तबकडीवर राशींचं एक छोटं सोनेरी कडं फिरतं, मधल्या जागेपासून जरा सरकलेलं, आणि त्यावर सूर्य कुठल्या राशीत आहे ते दिसतं. चंद्र पण आहे, अर्धा काळा अर्धा पांढरा गोळा. आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात गेलो होतो, घड्याळात सूर्य मिथुनेत. हे म्हणाले चुकीचं आहे, आज वृषभेत पाहिजे, पंचांगात बघ. चुकीचं नाही ते. ते लोक सायन धरतात, म्हणजे राशी ऋतूंवरून मोजतात, आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून, दोन्हीत साधारण 24 अंशांचा फरक पडतो, त्यामुळं महिन्यातले बरेच दिवस त्यांचा सूर्य आपल्यापेक्षा एक राशी पुढं दिसतो. हे कळल्यावर यांचा चेहरा बघायला पाहिजे होता, पुढची वीस मिनिटं ते तिथून हललेच नाहीत.

सगळ्यात बाहेरच्या कड्यावर जुन्या वळणाचे 1 ते 24 आकडे आहेत. ती जुनी चेक वेळ, सूर्य मावळला की 24 वाजले, तिथून परत एकपासून मोजायचं. म्हणजे मेमध्ये सकाळी अकराला तो आकडा चौदाच्या आसपास असतो. आणि दिवस रोज लहानमोठा होतो म्हणून ते कडं स्वतः थोडं थोडं सरकत राहतं. तिसरी वेळ म्हणजे उगवल्यापासून मावळेपर्यंतचे बारा सारखे भाग, आपण राहूकाळ काढायला दिवसाचे आठ सारखे भाग करतो त्याच पद्धतीनं. एका घड्याळात इतक्या तऱ्हेचं काळाचं गणित लोखंडाच्या चाकांवर बसवलंय त्या माणसांनी. करणाऱ्याचं नाव मिकुलाश, कादान गावचा. गावात एक गोष्ट सांगतात की असं घड्याळ दुसरीकडं होऊ नये म्हणून कारागिराचे डोळे काढले, पण ती दंतकथाच आहे, आपल्याकडं ताजमहालच्या कारागिरांच्या हातांची सांगतात तशीच.

वर टॉवरवर जायला लिफ्ट आहे, गुडघेदुखीवाल्यांनी घाबरू नका. तिकीट लागतं. एकदा वर जाऊन लाल कौलांचं सगळं गाव बघितलं की पुढं कुठं काय आहे ते कळतं.

खाली आलं की टाऊन हॉलच्या भिंतीजवळ जमिनीत बघा. पांढऱ्या दगडाचे क्रॉस बसवलेत, 27 आहेत. 21 जून 1621 ला बादशहाविरुद्ध उठलेल्या 27 माणसांना याच चौकात मारलं, त्यांची आठवण. लोक त्याच्यावरून आइस्क्रीम खात चालत जातात, त्यांना माहीत नसतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आपला हुतात्मा चौक आठवला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी. आपणही रोज स्कूटरवरून तिथून जातो आणि किती जण मान वर करतो? मी तेव्हापासून करते. त्या क्रॉसजवळ दोन मिनिटं थांबा, पाय बाजूला ठेवून.

चौकाच्या मधोमध यान हुसचा मोठा पुतळा आहे, त्याच्या आजूबाजूला बसायला जागा मिळते. हा माणूस लॅटिन सोडून लोकांच्या चेक भाषेत प्रवचन करायचा आणि चर्चमधल्या गैरकारभारावर बोलायचा, 1415 ला त्याला जिवंत जाळलं. आपल्या संतांनी मराठीत सांगितलं म्हणून त्यांना काय काय सोसावं लागलं ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळं याची गोष्ट परकी वाटत नाही. पुतळा बसवला 1915 ला, बरोबर पाचशे वर्षांनी.

पूल आणि जेवण

साडेबाराच्या सुमाराला पुलाकडं निघा. वाट विचारायची गरज नाही, सगळी गर्दी तिकडंच चाललेली असते. चार्ल्स ब्रिज, 1357 ला सुरुवात, अर्धा किलोमीटर लांब, 16 कमानी, दोन्हीकडं मिळून 30 पुतळे. गाड्या येत नाहीत. आधीचा दगडी पूल 1342 च्या पुरात गेला होता म्हणून चौथ्या कार्ल राजानं हा बांधायला घेतला. चुना पक्का व्हावा म्हणून राज्यातल्या गावागावांतून अंडी मागवली आणि वेलवारी गावच्या लोकांनी वाटेत फुटू नयेत म्हणून उकडूनच पाठवली, असं तिकडं हसत हसत सांगतात.

पुलावर सगळे पुतळे बघत बसू नका, थकून जाल. एकच बघा. किल्ल्याकडं तोंड करून चालताना उजव्या हाताला नेपोमुकचा यान नावाचा पाद्री, डोक्याभोवती ताऱ्यांचं वलय आहे त्याच्या. 1393 मध्ये राजाच्या हुकुमानं त्याला इथून नदीत फेकलं. राणीनं त्याच्यापाशी मन मोकळं केलं होतं आणि ते राजाला सांगायला तो तयार झाला नाही, अशी लोकांची श्रद्धा. खालच्या पितळी पाटीवर हात लावला की इच्छा पुरी होते म्हणतात, त्यामुळं बाकी पाटी काळी आणि हाताएवढी जागा सोन्यासारखी चकचकीत. मी पण हात लावला. देवळात पायरीला लावतो तसाच लावला गेला आपोआप, आणि तिथं ते चुकीचं वाटलं नाही.

पूल संपायच्या थोडं आधी डाव्या हाताला जिना उतरतो, तो उतरा, खाली काम्पा नावाचं बेट आहे. इथं चादर अंथरायची. झाडं, गवत, नदी, आणि एका बाजूनं छोटा ओढा जातो त्यावर जुन्या गिरणीचं लाकडी चाक फिरत असतं. हाच तुमच्या दिवसाचा मुख्य भाग आहे असं समजा आणि दीड-दोन तास इथंच घालवा. भाकरी मोडा, चटणी काढा. ज्याला झोप येईल त्यानं झोपा. मी तिसऱ्या खेपेला इथं चक्क वाती वळत बसले होते, कापूस पर्समध्ये असतोच.

बाहेरचं खायचं असेल तर शाकाहारी माणसाला दोन-तीन गोष्टी मिळतात. स्माझेनी सीर म्हणजे चीजची जाड वडी पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेली, बरोबर बटाटा. त्यावर शेंगा चटणी भुरभुरवली की काय लागतं म्हणून सांगू! पण त्याच्या कव्हरला अंडं असतं हे ध्यानात ठेवा. ब्राम्बोराक म्हणजे लसूण घातलेला बटाट्याचा घावन, त्यात पण बऱ्याचदा अंडं असतं. फळं भरलेले गोड उकडलेले गोळे मिळतात, ओवोत्सने क्नेडलीकी, ते सगळ्यांना आवडतील. लसणाचं सूप दिसलं तर विचारून घ्या, मटणाच्या पाण्यात करतात कधी. विचारायचं कसं? "बेझ मासा?" म्हणजे मांसाशिवाय का. त्यांचं मासो आणि आपलं मांस एकाच मुळाचे शब्द आहेत. आकडे पण बघा, द्वा, त्र्शी, च्तिर्शी, द्वि-त्रि-चतुर लगेच ओळखू येतात. भेटल्यावर दोब्री देन म्हणायचं, तेवढं म्हटलं तरी माणसं मोकळी होतात. गल्लोगल्ली साखरेचा खमंग वास येतो ते दांड्यावर भाजलेलं त्र्देलनीक, ते काही या गावचं फार जुनं खाणं नाही, टुरिस्टांसाठीच वाढलंय, पण नातवंडं असतील तर घेऊन द्या एक, चौघांत पुरतं.

दुपारनंतर

आता किल्ल्याचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. माझं मत स्पष्ट आहे, एका दिवसात किल्ल्याच्या आतलं तिकीट काढू नका. किल्ला प्रचंड आहे, त्यातलं मोठं चर्च 1344 ला सुरू झालं आणि 1929 ला पुरं झालं, त्याला घाईघाईत अर्ध्या तासात उरकणं बरोबर नाही. त्यापेक्षा काम्पावरून पाच-सात मिनिटं चालत मालोस्त्रान्स्के नामेस्ती चौकात या, 22 नंबरची ट्राम धरा आणि पोहोर्शेलेत्सपर्यंत वर जा. ट्राम वळणं घेत चढते, बसून राहायचं. चालत चढू नका, आम्ही एकदा नेरुदोवा गल्लीनं चढलो आणि यांना मधे तीनदा टेकावं लागलं. वर स्त्राहोव मठ आहे, त्याच्या बाजूच्या कट्ट्यावरून सगळं गाव, नदी, पूल एका नजरेत येतं, फुकट.

ट्रामचं तिकीट म्हणजे आत दाराजवळ मशीन असतं त्याला कार्ड टेकवायचं, किंवा कागदी तिकीट घेतलं तर पिवळ्या पेटीत घालून एकदा शिक्का उमटवायचा. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो, आणि तपासणारे साध्या कपड्यात असतात. उन्हाळ्यात रुळांची कामं निघतात, नंबर बदलतात, तेवढं त्या दिवशी मोबाइलवर बघून घ्या. जर्मनीचं सिम तिकडं चालतं.

वेळ उरला तर त्याच ट्रामनं खाली नारोद्नी त्र्शीदाला उतरा. हावेल्स्काचा बाजार जवळच आहे, आपल्या लक्ष्मी मार्केटपेक्षा लहान, फळं घेतलीत तर पाटीवरचा भाव किलोचा आहे की 100 ग्रॅमचा ते आधी बघा, बहुतेक 100 ग्रॅमचा असतो. तिथून वात्स्लाव चौकात बाटाचं दुकान, 1929 सालची सगळी काचेची इमारत. आपण दर जूनला शाळेचे काळे बूट घ्यायचो ते बाटा मूळ इकडचं, तोमाश बाट्यानं 1894 ला झ्लीन गावात सुरू केलेलं. आमच्या यांना साठ वर्षं वाटत होतं की बाटा कलकत्त्याचं आहे.

सहाला चौकातून निघा, फ्लोरेंत्स चालत वीस-पंचवीस मिनिटं, पाय बोलत असतील तर पिवळ्या लाइनची मेट्रो. साडेसहाला स्टँडवर पाहिजेच. परत एकदा बाथरूम, उरलेली नाणी तिथंच संपवायची कारण जर्मनीत ती चालत नाहीत.

बसमध्ये बसल्यावर चादर पायावर घ्या आणि पासपोर्ट वरच्या कप्प्यातल्या बॅगेत न ठेवता मांडीवर ठेवा. डोंगरापाशी बस थांबली की दिवे लागतात, पोलीस येतात, तोवर म्हातारी माणसं गाढ झोपलेली असतात, तेव्हा त्यांचाही पासपोर्ट तुमच्याकडंच असू द्या म्हणजे उठवायला नको. लेकीला आदल्या रात्रीच आमटी करून फ्रिजमध्ये ठेवायला सांगा, साडेनऊला घरी पोचलं की फक्त भात लावायचा.